करुणा शिकता येते का? ध्यान, धर्मग्रंथ आणि कथा-कादंबऱ्या यांविषयी

कृष्णाकाठी (सांगली)

सांगलीत आमचा एक लहानसा वाचनगट आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही माणदेशातील आणि गावकुसाबाहेरील जीवनावरच्या कथा एकत्र वाचल्या. एका बैठकीत गटातील सर्वांत तरुण सदस्याने विचारले, की या कथा वाचताना आपण सगळेच हळवे होतो, परंतु दर हंगामात बीडकडून आपल्या शिवारात येणाऱ्या ऊसतोड टोळीतल्या एका तरी बाईचे नाव आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे काय? कोणालाच ठाऊक नव्हते. त्यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली, आणि वाचनाने माणूस संवेदनशील होतो हे जे आपण सहजपणे म्हणून टाकतो ते एकदा तपासून पाहावे असे मला वाटू लागले. त्या निमित्ताने जे वाचन आणि चिंतन झाले ते येथे मांडतो. जाणकारांनी भर घालावी आणि पटणार नाही तेथे स्पष्ट लिहावे.

करुणा ही उपजत असते, ती अंगात असते किंवा नसते, असे आपण साधारणपणे धरून चालतो. भारतीय परंपरांनी मात्र तिला अभ्यासाचा विषय मानले आहे. पातंजल योगसूत्रांच्या पहिल्याच पादात (१.३३) सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता म्हणजे आनंद आणि पापी माणसाविषयी उपेक्षा म्हणजे तटस्थता यांचा सराव केल्याने चित्त निवळते असे सांगितले आहे. बौद्ध परंपरेत हेच चार ब्रह्मविहार म्हणून येतात, आणि त्यांच्या अभ्यासाची तपशीलवार कृती पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी लिहिलेल्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात मिळते. बौद्ध साहित्याचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींनी ज्याच्या संपादनासाठी थेट अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ गाठले होते, तोच हा ग्रंथ.

बुद्धघोष करुणेचे दोन शत्रू सांगतात. दूरचा शत्रू म्हणजे क्रौर्य, आणि तो ओळखायला कोणालाच कष्ट पडत नाहीत. जवळचा शत्रू म्हणजे प्रपंचातला शोक. हा करुणेच्या इतका शेजारी राहतो आणि तिच्यासारखाच इतका दिसतो, की बहुतेक वेळा तिचे नाव सांगून तोच घरात शिरतो. कथा वाचून येणारे रडू पुष्कळदा या दुसऱ्या जातीचे असते, असे माझे स्पष्ट मत आहे. पात्राचे दुःख आपल्या एखाद्या जुन्या दुःखाला जाऊन लागते, आपण आपल्यासाठीच रडतो, मोकळे होतो आणि पुस्तक मिटतो. पुस्तकांचेच कशाला, २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी सत्तावन फुटांवर गेले आणि साऱ्या महाराष्ट्रातून मदतीचा ओघ सुरू झाला, तेव्हा त्यात अंगात घालता न येणाऱ्या जुन्या कपड्यांचे ढीगही आले. एक हुक तुटलेला, भरजरी, बहुधा कोणाच्या तरी लग्नातला ब्लाउज त्या ढिगावर कितीतरी दिवस तसाच पडून होता. देणाऱ्याला गहिवरून आले असणार यात मला शंका नाही.

'विसुद्धिमग्ग' ग्रंथातल्याच एका जागेने मला सर्वाधिक विचार करायला लावले. करुणेचा अभ्यास कोणापासून सुरू करावा? बुद्धघोष म्हणतात, अत्यंत दीन आणि निराधार अशा माणसापासून. परंतु असा कोणी नजरेसमोर नसेल, तर सुखात असलेल्या दुष्ट माणसालाही विषय करता येते, आणि त्यासाठी ते एक दृश्य उभे करतात. चोराला पकडून वधस्थानाकडे नेत आहेत. राजाज्ञेने त्याला बांधले आहे, वाटेत फटके मारले जात आहेत, आणि रस्त्यातले लोक त्याला खाऊ, फुलांच्या माळा, सुगंधी उटणी आणि विडा देत आहेत. गळ्यात माळा घालून, विडा चघळत तो एखाद्या भाग्यवंतासारखा चालला आहे. तरीही पाहणारा कोणी त्याला सुखी म्हणत नाही, कारण प्रत्येक पाऊल त्याला मरणाजवळ नेत आहे. ज्ञानदेवांनी पसायदानात खळांचा नाश न मागता त्यांची व्यंकटी सांडो असे मागितले, ते म्हणताना हल्ली मला हा विडा चघळणारा चोर दिसतो. ही सरळ सरळ कथा आहे. ध्यानाच्या इतक्या शिस्तबद्ध ग्रंथालाही मन वळवण्यासाठी पात्र, प्रसंग आणि विड्याएवढा बारीक तपशील लागतोच. म्हणून ध्यान एका बाजूला आणि कल्पनेचे वाङ्मय दुसऱ्या बाजूला अशी वाटणी मला मान्य नाही.

आठव्या शतकातील नालंदेचे आचार्य शांतिदेव 'बोधिचर्यावतार' या ग्रंथाच्या आठव्या परिच्छेदात याच्याही पुढे जातात. स्वतः आणि दुसरा यांची अदलाबदल करावी, असा अभ्यास ते सांगतात. साधकाने आपल्याहून खालचा समजल्या जाणाऱ्या माणसाच्या जागी जाऊन बसायचे आणि तेथून स्वतःकडेच मत्सराने पाहायचे. याचा मान होतो, माझा होत नाही. 'अहं करोमि कर्माणि तिष्ठत्येष तु सुस्थितः', कामे मी करतो आणि हा मात्र खुशाल बसून असतो. कथा वाचताना आपण नेमके उलट करतो. आपण पात्राकडे पाहतो, पात्र आपल्याकडे पाहत नाही. ऊसतोड करणाऱ्या बाईची कथा वाचताना तिच्या खोपीत शिरल्याचे समाधान आपल्याला मिळते. परंतु त्या खोपीच्या तोंडातून आपला बंगला, दारातली गाडी आणि गच्चीवर उभे राहून तिच्याकडे पाहणारे आपण कसे दिसत असू, ते पाहण्याची पाळी आपल्यावर येत नाही. दुसऱ्याच्या नजरेत आपण जसे दिसतो ते सोसण्याची तयारी झाली, की करुणेला सुरुवात होते असे मला वाटते. त्याआधी जे असते त्याला मी हळवेपण म्हणेन.

ध्यान, ग्रंथ किंवा कथा यांपैकी कशाने आपल्यात खरोखर काही पालटले, असा कोणाचा अनुभव आहे काय?

शिवारातला (वाळवा तालुका)

धागा आवडला. आपण सांगितलेल्या चार भावना आमच्या जैन परंपरेतही आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सर्व जीवांविषयी मैत्री, गुणवंतांविषयी प्रमोद, पीडितांविषयी कारुण्य आणि जे काही केल्या ऐकून घेणार नाहीत त्यांच्याविषयी माध्यस्थ्य, अशी वाटणी केलेली आहे. 'सत्त्वेषु मैत्रीं गुणिषु प्रमोदम्' हा अमितगती आचार्यांचा श्लोक आमच्या घरात सामायिकाच्या, म्हणजे नित्याच्या ध्यानाच्या, वेळी म्हटला जातो, आणि दक्षिण महाराष्ट्रातील जैन शेतकरी कुटुंबांतून तो ठाऊक नसलेला माणूस विरळा. तरीही मुंगीला जपणारे हात मजुरी वाढवून मागणाऱ्या गड्यालाही जपतात, असे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. श्लोक पाठ असणे आणि तो अंगात मुरणे यांत बरेच अंतर आहे.

आपण ऊसतोडीचा विषय काढलाच आहे म्हणून लिहितो. ऊस भरलेली टायरगाडी कारखान्याकडे निघते तेव्हा चढावर बैल अक्षरशः गुडघ्यावर येतात. जू जेथे टेकते तेथे खांदा सुजलेला असतो, कातडे सोलवटून आतला लाल भाग दिसत असतो, आणि गाडीवानाने त्यावर हळद आणि तेल थापलेले असते. रस्त्याने जाणारा माणूस ते पाहतो, त्याला बैलाची दया येते आणि त्याच क्षणी गाडीवानाचा संताप येतो. परंतु त्या गाडीवानाने मुकादमाकडून हंगामापूर्वीच आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते. खेपा कमी झाल्या तर उचल फिटत नाही, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याला पुन्हा त्याच मुकादमाकडे यावे लागते. हळद लावणारा हात आणि चाबूक ओढणारा हात एकाच माणसाचे असतात. बैल, गाडीवान, मुकादम, कारखाना आणि साखर खाणारे आपण, ही साखळी ज्याला दिसत नाही त्याची करुणा बैलापाशीच अडकून पडते आणि तिचे रूपांतर कोणावर तरी रागावण्यात होते. ध्यानाने ही साखळी दिसते, असे मला वाटत नाही. ती शेतात उभे राहूनच दिसते.

मिरजेची परिचारिका

कृष्णाकाठी सरांनी सांगितलेला जवळचा शत्रू आम्ही रुग्णालयात रोज पाहतो, फक्त त्याला हे नाव आहे हे मला माहीत नव्हते.

भाजलेल्या रुग्णाची पट्टी बदलण्याचे उदाहरण देते. जुनी पट्टी जखमेला चिकटलेली असते. तिच्यावर आधी सलाइनचे पाणी सोडायचे, ती पूर्ण भिजेपर्यंत थांबायचे, मग एक कडा उचलून कातडीला समांतर, अगदी सावकाश मागे घ्यायची. हे थांबणे सर्वांत कठीण असते, कारण रुग्ण ओरडत असतो आणि त्याचे ओरडणे आपल्याला सहन होत नाही. नवीन मुलगी असेल तर तिचे डोळे भरून येतात, तिला ते लवकर संपवावेसे वाटते आणि ती पट्टी ओढते. रुग्णाला जास्त दुखते ते तिच्या कळवळ्यामुळे. ती निर्दय मुळीच नसते. ती स्वतःच्या दुःखातून सुटण्याची घाई करत असते.

जर्मनीतील टानिया सिंगर यांच्या संशोधन गटाने याच विषयावर प्रयोग केले आहेत. दुसऱ्याचे दुःख स्वतःत उतरवून घेण्याचा सराव ज्यांना दिला, त्यांची मनःस्थिती खालावत गेली. त्यानंतर त्यांनाच करुणेच्या ध्यानाचा सराव दिला तेव्हा समोर दुःख दिसत असूनही त्यांच्यात आपुलकीची, उमेदीची भावना वाढली आणि मेंदूतील निराळी जाळी कार्यरत झालेली दिसली. आमच्या क्षेत्रात थकून नोकरी सोडणाऱ्या मुलींकडे पाहून मला हे पूर्णपणे पटते.

हातकणंगल्याजवळ आळते येथे विपश्यना केंद्र आहे, तेथे मी दहा दिवसांचे शिबिर केले. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वासाकडे पाहायचे, मग शरीरावरच्या संवेदनांकडे, आणि मंगल मैत्रीचा अभ्यास थेट दहाव्या दिवशी, मौन सुटते त्या दिवशी. सर्वांविषयी प्रेम बाळगायचे असेल तर ते पहिल्या दिवशीच का शिकवत नाहीत, असे मला तेव्हा वाटले होते. गुडघ्यातली कळ हलचाल न करता पाहत बसण्याची सवय झाल्यावर त्याचे कारण लक्षात आले. स्वतःची वेदना ज्याला पाहवत नाही, तो दुसऱ्याच्या वेदनेपाशी थांबू शकत नाही. शिवारातला दादांचे म्हणणे योग्यच आहे, ध्यानाने साखळी दिसत नाही. परंतु ती दिसल्यावर तेथून पळून न जाण्याचे बळ त्याने येते.

अजिंक्यतारा (सातारा)

चर्चेचा दर्जा उत्तम आहे, तरीही मला काही मूलभूत आक्षेप नोंदवायचे आहेत.

आतापर्यंतच्या सर्व प्रतिसादांत करुणा करणारा कोण आहे ते पाहावे. बंगल्याचा मालक, शेताचा मालक, किंवा जिच्या हातात पट्टी आहे ती परिचारिका. ज्याच्यावर करुणा केली जाते तो कोठेही बोलत नाही. आपल्या जुन्या कथांचीही हीच गत आहे. कबुतरासाठी स्वतःचे मांस कापून देणारा शिबी राजा, भुकेल्या वाघिणीपुढे देह टाकणारा बोधिसत्त्व, या सर्व देणाऱ्याच्या कथा आहेत. कबुतराला काय वाटले ते कोणी लिहून ठेवले नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवरील दयेची प्रतिज्ञा आहेच. परंतु 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते केवळ करुणेपाशी थांबत नाहीत. करुणा म्हणजे माणसांविषयीचे प्रेम, आणि तिच्या पलीकडे मैत्री, जी मित्रापुरती न राहता शत्रूपर्यंत आणि माणसापुरती न राहता सर्व जीवांपर्यंत जाते, असा क्रम ते लावतात. मैत्री बरोबरीच्या नात्यात होते. जेथे बरोबरी नाही तेथे करुणेला दया-मायेचे रूप यायला वेळ लागत नाही, आणि आमच्या मागच्या पिढ्यांनी ती दया वरून टाकलेल्या पाण्याच्या धारेसारखी ओंजळीत झेललेली आहे.

साहित्याचे म्हणाल, तर आपल्याच वाळवा तालुक्यातील वाटेगावात १९२० साली जन्मलेले अण्णा भाऊ साठे आहेत. १९५९ साली आलेला त्यांचा 'फकिरा' उपासमारीत तडफडणाऱ्या आपल्या लोकांसाठी धान्य लुटतो. तो वाचकाकडे दयेची याचना करत नाही, उलट वाचकाला बाजू घ्यायला लावतो. ती कादंबरी वाचून ज्याच्या डोळ्यांत फक्त पाणी आले, त्याने ती नीट वाचली नाही असे मी म्हणेन.

शांतिदेवांचा अभ्यास सुंदर आहे. परंतु तेथेही दुसऱ्याची नजर कल्पनेने रचणारा साधकच आहे. तो आपल्या सोयीची नजर रचणार नाही कशावरून? ज्यांनी ती नजर प्रत्यक्ष भोगून लिहिली आहे, त्यांची आत्मकथने समोर असताना कल्पना करण्याची एवढी घाई का?

वाईकर

वाचनाने करुणा वाढत असती, तर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाची पूर्वी होत असलेली निवडणूक हा आपल्या संस्कृतीतील सर्वांत सौम्य प्रसंग ठरला असता. बाकी चर्चा चालू द्यावी, मी वाचत आहे.

कोयनेकाठचा मास्तर (कराड)

मी मानसशास्त्र शिकवतो, म्हणून प्रयोगांबद्दल थोडे लिहितो.

२०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात किड आणि कास्टानो यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ललित कथेतला उतारा वाचल्यावर दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची क्षमता लगेच वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. तो जगभर गाजला, परंतु इतर संशोधकांनी पुढे तो प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. तेव्हा एखादी कथा वाचून माणूस तासाभरात बदलतो, हा दावा सोडून द्यावा. आयुष्यभराच्या वाचनाचा परिणाम हा निराळा प्रश्न आहे.

याउलट १९७३ साली डार्ली आणि बॅटसन यांनी प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग या धाग्याला फार जवळचा आहे. विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण द्यायचे होते. काहींचा विषय बायबलमधील दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट हा होता, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्याची. जाण्याच्या वाटेवर एक माणूस कण्हत, खोकत दारात पडलेला होता. तो अर्थातच संशोधकांनी बसवलेला होता. ज्यांना भरपूर वेळ होता त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले, ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांच्यापैकी १० टक्के. डोक्यात ती गोष्ट घोळत असण्याने म्हणावा असा फरक पडला नाही. फरक पडला तो घाईने.

ध्यानाच्या बाजूनेही एक प्रयोग सांगतो. २०१३ साली काँडन आणि सहकाऱ्यांनी आठ आठवडे ध्यान केलेल्या लोकांना प्रतीक्षागृहात बसवले. कुबड्यांवर एक बाई आली. बाकीच्या खुर्च्यांवरचे लोक, जे संशोधकांचेच होते, मान वर करेनात. ध्यान न केलेल्यांपैकी १६ टक्के लोकांनी उठून जागा दिली, ध्यान केलेल्यांपैकी ५० टक्के लोकांनी. प्रयोगातील लोक पन्नासहून कमी होते, त्यामुळे यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरीही मिरजेच्या ताईंनी पट्टी भिजेपर्यंत थांबण्याचे जे सांगितले, ते आणि प्रिन्स्टनची घाई या मला एकाच गोष्टीच्या दोन बाजू वाटतात.

कृष्णाकाठी (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अजिंक्यतारा यांच्या आक्षेपाला सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

कबुतराचे कोणी लिहून ठेवले नाही, हे वाक्य माझ्या मनातून जाणार नाही. परंतु परंपरेतच या शंकेची जाणीव होती, असे दाखवता येते. बुद्धघोष एक विलक्षण परीक्षा सांगतात. साधक, त्याचा प्रिय माणूस, एक तटस्थ माणूस आणि एक वैरी असे चौघे बसलेले आहेत. दरोडेखोर येतात आणि बळी देण्यासाठी चौघांपैकी एक जण मागतात. याला न्या किंवा त्याला न्या असे साधकाच्या मनात आले, तर अभ्यास अपुरा आहे हे उघडच आहे. परंतु या तिघांना सोडा आणि मलाच न्या असे मनात आले, तरीही बुद्धघोष त्याला अनुत्तीर्ण ठरवतात. चौघांपैकी कोणीही देण्याजोगा दिसत नाही, स्वतःसुद्धा नाही, तेव्हाच आपला आणि परका यांतली सीमा मोडली असे ते म्हणतात. स्वतःला कापून देण्याच्या थोरवीला येथे जागा नाही, आणि आपण म्हणता त्या बरोबरीच्या मैत्रीच्या हे जवळ जाते असे मला वाटते.

कथांमध्येही देणाऱ्याच्या कथेहून निराळी एक कथा आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात आनृशंस्याविषयी, म्हणजे निष्ठुर नसण्याविषयी, विचारणाऱ्या युधिष्ठिराला भीष्म ती सांगतात. काशीराजाच्या प्रदेशात एका पारध्याचा विषारी बाण चुकून मोठ्या झाडाला लागतो आणि झाड वाळते. बाकीचे पक्षी उडून जातात, ढोलीतला एक पोपट जात नाही, आणि झाडाबरोबर तोही वाळू लागतो. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येऊन त्याला विचारतो, की अरण्यात हिरवी झाडे असताना हे कशाला धरून बसला आहेस? पोपट सांगतो, की याच झाडावर मी जन्मलो, वाढलो, यानेच मला राखले. पुढे वर मागायची वेळ येते तेव्हा तो झाड पुन्हा हिरवे होवो एवढेच मागतो. पोपटाजवळ देण्यासारखे काही नाही, तो झाडाहून वरचाही नाही. ज्याने आपल्याला सावली दिली त्याच्या वाईट दिवसांत तेथून उठायचे नाही, एवढेच तो करतो. आपल्या घरातील साखरेच्या डब्यामागे कोण आहे ते कळल्यानंतर ऊसतोड करणाऱ्या माणसाशी आपले नाते शिबीचे उरत नाही, या पोपटाचे होते.

आत्मकथनांविषयी आपण म्हणता ते मान्य आहे. ती आधी वाचावीत. कल्पनेचा उपयोग मी दुसऱ्याची कहाणी रचण्यासाठी करावा असे म्हणत नाही, त्याच्या कहाणीत आपले पात्र कोणते आहे ते शोधण्यासाठी करावा असे म्हणतो. आत्मकथन वाचताना आपण आपसूक निवेदकाच्या बाजूला जाऊन बसतो. त्यातला सावकार, मास्तर, किंवा पाणी वरून ओतणारी बाई आपण असू शकतो हे मनाला सुचतच नाही. सोयीची नजर रचली जाण्याचा धोका मात्र खराच आहे, आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही.

गटातील काही जणांनी येत्या हंगामात टोळीच्या तळावर जाऊन खाऊ आणि वह्या वाटण्याची सूचना केली आहे. त्यावर आपले मत हवे आहे.

अजिंक्यतारा (सातारा)

दरोडेखोरांची परीक्षा मला माहीत नव्हती. ती पटली. पोपटाची कथा निम्मी पटली, कारण झाड वाळले ते बाणाने, आणि पारध्याचे काय झाले ते कथा सांगत नाही.

खाऊवाटपाला माझा विरोध आहे. तेथे फोटो निघतील आणि मुलांना रांगेत उभे केले जाईल. त्या मुलांची शाळा दर हंगामात बुडते, त्यासाठी कारखान्याजवळ भरणाऱ्या साखरशाळा आणि मूळ गावात हंगामी वसतिगृहे हे उपाय आहेत. आपल्या परिसरात ते प्रत्यक्ष चालू आहेत की कागदावर, याची चौकशी करणे कंटाळवाणे असले तरी तेच करावे.

मिरजेची परिचारिका

मला एक व्यवहारातील शंका आहे. मैत्रीच्या अभ्यासात वैऱ्याची पायरी येते तेथे मी अडकते. बायकोला मारून वॉर्डात आणणारा आणि नंतर तिच्याच उशाशी बसून रडणारा माणूस डोळ्यांसमोर आला, की मंगल मैत्री कोठल्या कोठे जाते. या पायरीवर ग्रंथ काय सांगतात?

कृष्णाकाठी (सांगली)

ताई, बुद्धघोषांनी या पायरीसाठी उपायांची मोठी मालिकाच दिली आहे, त्यावरून ही अडचण जुनी आणि सर्वांची आहे हे दिसते. राग आला तर आधी मागच्या पायरीवर, म्हणजे प्रिय माणसाकडे परत यावे. त्यानेही न भागले तर त्या माणसाची एखादी चांगली बाजू आठवावी. तीही नसेल तर त्याच्या पुढच्या गतीची कीव करावी. पुढे ते अगदी मिश्कीलपणे विचारतात, की तू नेमका कशावर रागावला आहेस, त्याच्या केसांवर, नखांवर की दातांवर? आणि हे सगळे व्यर्थ गेले, तर शेवटचा उपाय ध्यानाचा नाहीच. आपली वस्तू त्याला द्यावी आणि त्याची वस्तू आपण घ्यावी, असे ते सांगतात. आपण सांगितलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र आधी त्या बाईची सुरक्षितता पाहावी, वैऱ्याची पायरी नंतर चढता येईल.

शिवारातला (वाळवा तालुका)

त्याची वस्तू आपण घ्यावी, हे वाक्य आम्हा बागायतदारांच्या फार वर्मी लागणारे आहे. टोळीला आम्ही जुनी लुगडी देतो, सणाला पोळ्या देतो, रात्री-अपरात्री बाळंतपणासाठी गाडीही काढतो. परंतु सकाळी खोपीपुढच्या चुलीवर भाकरी थापत असलेली बाई शेतमालकाला "बसा दादा, भाकर खावा" असे म्हणते, तेव्हा आमच्या भागातला मालक हटकून आताच जेवून आल्याचे सांगतो, मग तो उपाशी का असेना. मीही आजवर तसेच सांगत आलो आहे.

अजिंक्यतारा (सातारा)

खाऊवाटपाऐवजी मग त्यांची भाकर आपण का नाकारतो याच प्रश्नापासून सुरुवात करावी, अशी माझी सूचना राहील. वाचनगटाने पुढच्या बैठकीला शिवारातला यांना बोलवावे.